हत्ती सहीने सुटतो, मग चेहरा कशाला?

कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीला, सुंदर नावाचा एक हत्ती होता. २००७ साली वारणेचे नेते विनय कोरे यांनी तो देवस्थानाला अर्पण केला. पाच वर्षांनी त्याच्यावरून वाद पेटला आणि बघता बघता त्यात कोण कोण उतरलं! बीटल्सचे पॉल मॅकार्टनी, हॉलिवूडची पामेला अँडरसन, आपले अमिताभ बच्चन, माधवन, अर्जुन रामपाल, गुलशन ग्रोव्हर. मॅकार्टनींनी तर थेट महाराष्ट्राचे तेव्हाचे वनमंत्री पतंगराव कदम यांना पत्र धाडलं. लिव्हरपूलचा गायक, सोनसळचा मंत्री आणि मधे वाडी रत्नागिरीचा हत्ती.

हसू येतं खरं. पण प्राण्यांच्या प्रश्नावर नट-नट्या, गायक, खेळाडू बोलतात तेव्हा नेमकं घडतं तरी काय? हत्तीला त्याचा काही उपयोग होतो, की नुसता एक फोटो निघतो आणि सगळे आपापल्या शूटिंगला जातात? सुंदरच्या प्रकरणातूनच हे नीट समजून घेता येतं, कारण त्यात काय कधी झालं याचा माग लागतो.

२०१२ मध्ये पेटा इंडिया या संस्थेने तक्रार केली की देवळातला हा हत्ती साखळीला जखडलेला असतो आणि माहूत त्याला मारतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने आदेश काढला की सुंदरला पुनर्वसन केंद्रात हलवावं. म्हणजे पहिल्याच वर्षी सरकारी कागद प्राण्याच्या बाजूने झाला होता. हत्ती मात्र केंद्रात गेला नाही. डोंगरावरून तो वारणानगरच्या एका शेडमध्ये गेला. पुढे तिथलं एक चित्रीकरण बाहेर आलं, त्यात साखळदंडात अडकलेल्या हत्तीला माहूत काठीने बडवताना दिसत होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने सुंदरला हलवायला सांगितलं. कोरे सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे मे महिन्यात त्यांची याचिका फेटाळली गेली, आणि जून २०१४ मध्ये सुंदर ट्रकमधून बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात पोहोचला.

आदेश निघाल्यापासून हत्ती हलेपर्यंत पावणेदोन वर्षं गेली. मॅकार्टनी, बच्चन वगैरे मंडळींचं काम याच काळात होतं, आणि ते काम हत्ती सोडवण्याचं नव्हतंच. फाइल झोपू न देण्याचं होतं.

मंत्रालयात ढिगाने अर्ज येतात. कोल्हापूरच्या एखाद्या कार्यकर्त्याने पत्र दिलं तर त्यावर आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो, ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून ते खाली जातं आणि खालून वर येतं. यात कोणाचा दुष्टपणा असतोच असं नाही. ज्या कागदाबद्दल कोणी विचारत नाही तो कागद मागे पडतो, एवढंच. मॅकार्टनींचं पत्र आलं की त्याची बातमी होते. बातमी झाली की पत्रकार मंत्र्याला विचारतो, मंत्री सचिवाला विचारतो, सचिव वनाधिकाऱ्याला विचारतो. पत्रातला मजकूर कार्यकर्त्याच्या पत्रापेक्षा काही वेगळा नसतो. खाली सही कोणाची, यावर सगळं फिरतं.

हे एकदा लक्षात आलं की पुढचं बरंच उलगडतं. प्रसिद्धी म्हणजे एक प्रकारचा दाब. दाब कुठे द्यायचा हे कळलं तर तो उपयोगी पडतो. सुंदरच्या बाबतीत दाब द्यायची जागा स्पष्ट होती. आदेश आधीच निघालेला, प्राणी एक, त्याला नाव आहे, पाठवायची जागा ठरलेली आणि अडलेलं काम एका खात्याचं. तरीही शेवटी निकाल लागला तो न्यायालयात, वकिलांनी मांडलेल्या कागदांवर.

पण मुळात हत्तीला काय होत असतं, तेही बघायला हवं. नाहीतर देवाच्या दारी खाऊनपिऊन सुखी असलेल्या हत्तीची एवढी काळजी कशाला, हा प्रश्न रास्तच वाटतो. बांधलेला हत्ती पाच मिनिटं नुसता उभं राहून बघा. तो एका जागी डुलत असतो. वजन डाव्या पायावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर, सोंड एका लयीत इकडून तिकडे. बघणाऱ्याला वाटतं घंटानादावर डोलतोय, भक्तीत रंगलाय. गर्दी पांगल्यावरही, रात्री कोणी नसतानाही तो तसाच डुलत राहतो. पशुवैद्यांच्या दृष्टीने हे ताणाचं लक्षण आहे. रानात दिवसाचा बराचसा वेळ चालण्यात आणि चरण्यात घालवणाऱ्या, कळपात राहणाऱ्या जनावराला करायला काहीच उरलं नाही की ते असं एकच एक हालचाल करत राहतं. दुसरी गोष्ट पायांची. हत्तीचा तळवा मऊ असतो, माती-चिखलात चालण्यासाठी घडलेला. फरशीवर आणि काँक्रीटवर, स्वतःच्याच लघवीच्या ओलीत वर्षानुवर्षं उभं राहिलं की तळवे सडायला लागतात, नखं वेडीवाकडी वाढतात आणि त्यांना भेगा पडतात, सांधे धरतात. बंदिवासातले कितीतरी हत्ती पायांच्या दुखण्याने खचतात. लांबून दिसते ती झूल आणि कपाळावरचं रंगकाम, तळव्यापर्यंत नजर जात नाही.

आता थोडं पडद्यामागचं. अशा मोहिमांत दिसणारे कलाकार सहसा मानधन घेत नाहीत. पोस्टरसाठी अर्धा दिवस देतात, पत्रावर सही करतात, स्वतःच्या खात्यावरून एखादी पोस्ट टाकतात. मसुदा बहुतेक वेळा संस्थेनेच तयार केलेला असतो. संस्थेला यातून जाहिरातीचा एक पैसाही न मोजता वर्तमानपत्रात जागा मिळते, कारण नटीचा फोटो पुरवणीत छापला जातोच. आणि कलाकारालाही काही मिळतं. दोन चित्रपटांच्या मधल्या काळात नाव चर्चेत राहतं, प्रतिमा उजळते. यात वाईट काही नाही, पण हा व्यवहार आहे हे विसरू नये. कोणी मनापासून बोलतंय आणि कोणी जनसंपर्कवाल्याने सांगितलं म्हणून, हे बाहेरून ओळखणं अवघड असतं. काळ गेला की कळतं. १९९४ मध्ये फरविरोधी जाहिरातीत झळकलेली सुपरमॉडेल नाओमी कॅम्पबेल तीनच वर्षांनी फर घालून रॅम्पवर उतरली, आणि पुढे २००९ मध्ये तर फरच्याच जाहिरातीत दिसली. पेटाने तिला केव्हाच दूर केलं होतं. पण ‘बघा, यांचं हे असंच’ म्हणायला लोकांना कायमचं उदाहरण मिळून गेलं. उसना चेहरा घेतला की त्या चेहऱ्याचं पुढचं सगळं आयुष्यही पदरात येतं.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण आपल्याकडे सगळं एकाच टोपलीत टाकलं जातं. अमिताभ बच्चन २०१५ मध्ये महाराष्ट्राचे व्याघ्रदूत झाले, ते काम संवर्धनाचं. तिथे चिंता असते एका जातीची, म्हणजे वाघ टिकले पाहिजेत, जंगल टिकलं पाहिजे. एखाद्या वाघाला बेशुद्ध करून दुसरीकडे हलवणं किंवा अगदी मारणंही त्या विचारात बसू शकतं. दुसरा विचार कल्याणाचा. जनावर वापरा, दूध काढा, नांगराला जुंपा, पण त्याला विनाकारण यातना देऊ नका. आपला कायदा मुख्यतः या विचारावर उभा आहे. तिसरा विचार हक्कांचा. प्राणी माणसाच्या वापरासाठी नाहीतच, म्हणून सर्कस नको, फर नको, चामडं नको, मांस आणि दूधही नको. पेटासारख्या संस्था या तिसऱ्या विचाराच्या आहेत. गंमत अशी की त्यांच्या पोस्टरवरचे बरेच चेहरे पहिल्या किंवा दुसऱ्या विचाराचे असतात. कुत्रा दत्तक घ्या म्हणणारा नट घरी मटण खात असेल तर तो ढोंगी ठरतोच असं नाही. तो फक्त दुसऱ्या विचारात उभा आहे आणि पोस्टर तिसऱ्या विचारवाल्यांचं आहे. वाद घालण्यापूर्वी समोरचा कुठल्या विचारावर उभा आहे हे बघून घेतलं तर अर्धी भांडणं वाचतील.

सुंदरसारखंच, पण त्याहून कितीतरी गाजलेलं प्रकरण इस्लामाबादचं. कावन नावाचा हत्ती १९८५ साली श्रीलंकेने पाकिस्तानला भेट दिला होता. तिथल्या मरगझार प्राणिसंग्रहालयात त्याची जोडीदारीण सहेली २०१२ मध्ये मेली आणि कावन एकटा पडला. भिंतीपाशी उभं राहून डोकं हलवत राहायचं, हाच त्याचा दिवस. जगातला सर्वात एकटा हत्ती असं त्याचं नाव पडलं. २०१६ पासून अमेरिकन गायिका शेर या प्रकरणाच्या मागे लागली, आणि इथे ‘मागे लागली’ हा शब्द मी मोजून वापरतोय. एक पोस्ट टाकून ती थांबली नाही. तिने ‘फ्री द वाइल्ड’ नावाची संस्था उभी करण्यात हातभार लावला, माणसं पाठवली, चार वर्षं पिच्छा सोडला नाही. मे २०२० मध्ये इस्लामाबाद उच्च न्यायालयाने प्राण्यांनाही हक्क असतात असं स्पष्ट म्हणत कावनला हलवायचा आदेश दिला.

आदेशानंतरचं काम मात्र कुठल्याही गायिकेच्या हातचं नव्हतं. पाच टनांच्या आसपासचं जनावर विमानात चढवायचं कसं? फोर पॉज या संस्थेचे पशुवैद्य आमिर खलील तिथे जाऊन राहिले. ऊस खाऊन खाऊन कावन बेढब झाला होता, आधी त्याचा आहार बदलून वजन उतरवलं. मग त्याच्या आवारात लोखंडी पिंजरा आणून ठेवला आणि आठवडेच्या आठवडे एकच सराव केला. आत जायचं, खायचं, बाहेर यायचं. पुन्हा आत. पिंजऱ्याची भीती जाईपर्यंत. खलील त्याला फ्रँक सिनात्राची गाणी म्हणून दाखवायचे आणि कावन त्यांच्या आवाजाच्या मागे मागे चालायचा. नोव्हेंबर २०२०च्या अखेरीस मालवाहू विमान कंबोडियात उतरलं तेव्हा शेर तिथे हजर होती. जगभर छापून आला तो फोटो तिचा आणि हत्तीचा. पिंजऱ्यात आत-बाहेर करणाऱ्या हत्तीसमोर बेसूर गाणाऱ्या डॉक्टरचं चित्रीकरणही लोकांनी पाहिलं, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

याच प्राणिसंग्रहालयातली दुसरी घटना फार कमी जणांना माहीत आहे. न्यायालयाने कावनबरोबर बाकीचे प्राणीही हलवायला सांगितलं होतं. जुलै २०२० मध्ये तिथल्या सिंहाच्या जोडीला पिंजऱ्यात घालायचं होतं. सराव नाही, पशुवैद्याची तयारी नाही. त्यांना हुसकावण्यासाठी कोठडीत आग लावली गेली. दोन्ही सिंह दगावले. एकच संग्रहालय, एकच निकाल, एकच वर्ष. हत्तीला गायिका, विशेषज्ञ आणि विमान मिळालं, सिंहांना पेटलेलं गवत. न्यायालयाचा आदेश सगळ्यांना सारखा होता, पण जगाचं लक्ष एकाच्याच खोलीत होतं. चेहऱ्याच्या मोहिमेतला हा मोठा दोष आहे, आणि तो कोणाच्या वाईट हेतूने येत नाही. लक्ष मुळातच अपुरं असतं, ते ज्याच्याकडे वळलं त्याचं भलं होतं.

म्हणून तर कोंबड्यांसाठी फारसं कोणी उभं राहत नाही. अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबडीला तारेच्या पिंजऱ्यात ए-फोर कागदाएवढीही जागा वाट्याला येत नाही. तिला पंख पसरता येत नाहीत आणि तिचं सगळं आयुष्य त्यातच जातं. अशा कोंबड्या हत्तींच्या कैक पट आहेत. पण त्यांना नावं नसतात, त्यांचे डोळे फोटोत बोलके दिसत नाहीत आणि सकाळचं ऑम्लेट आपल्या सगळ्यांच्या ताटात असतं. प्रेक्षकाला अवघडायला लावणारा विषय कलाकार सहसा टाळतो. त्याचा धंदाच प्रेक्षकाच्या प्रेमावर चालतो, त्याला दोष तरी किती द्यायचा.

दाब चुकीच्या जागी पडला तर काय होतं, याचं सर्वात बोलकं उदाहरण बर्फावरचं आहे. १९७७ च्या मार्चमध्ये फ्रेंच अभिनेत्री ब्रिजित बार्दो कॅनडाच्या किनाऱ्यावर गेली. तिथे सीलची पांढरीशुभ्र पिल्लं मऊ फरसाठी डोक्यात दांडका घालून मारत असत. बर्फावर पिल्लाला कवटाळलेल्या बार्दोचा फोटो जगभर गेला. तेव्हा ती चित्रपट सोडून चार वर्षं झाली होती, पण युरोपात तिला न ओळखणारा माणूस विरळाच. १९८३ मध्ये युरोपीय समुदायाने सीलच्या पिल्लांच्या कातड्याच्या आयातीवर बंदी घातली, १९८७ मध्ये कॅनडानेही पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार थांबवली. एखाद्या मोहिमेला यापेक्षा मोठं यश काय मिळणार?

पण उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात इनुइट लोक राहतात. ते पिल्लं मारत नव्हते. त्यांची शिकार मोठ्या सीलची असते. मांस घरात खायचं, कातडं अंगावर घालायचं आणि उरलेलं विकून बंदुकीच्या गोळ्या, इंधन, किराणा आणायचा. बंदीत त्यांच्यासाठी कागदोपत्री सवलत होती. बाजार मात्र कागद वाचत नाही. युरोपातल्या ग्राहकाच्या मनात सीलचं कातडं म्हणजे रक्ताळलेलं पिल्लू असं एकदा बसलं की कातडं कोणाचं, कोणी मारलं, हे विचारायला तो थांबत नाही. भाव कोसळले आणि ज्या वस्त्यांत रोख पैसा येण्याचा दुसरा मार्गच नव्हता तिथे हलाखी आली. बरोबर एका पिढीने, २०१४ मध्ये, सीलशिकारीविरुद्ध मोहीम चालवलेल्या ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेच्या कॅनडा शाखेने इनुइटांची जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी ऑस्करच्या रात्री सूत्रसंचालक एलेन डिजनरेसने टाकलेला सेल्फी गाजला आणि त्यातून मिळालेल्या देणगीचा वाटा सीलशिकारीविरुद्ध लढणाऱ्या संस्थेकडे गेला, तेव्हा इनुइट तरुणांनी सीलच्या कातड्याचे कोट-बूट घालून स्वतःचे फोटो टाकले. त्याला त्यांनी ‘सीलफी’ म्हटलं. चिडून शिव्या देण्यापेक्षा हे कितीतरी झोंबणारं उत्तर होतं.

बार्दोबद्दल आणखी एक सांगायला हवं. १९८६ मध्ये तिने प्राण्यांसाठी प्रतिष्ठान काढलं आणि त्यासाठी पुढच्या वर्षी स्वतःचे दागिने, कपडे लिलावात काढले. इतकं पदरचं घालणारे थोडेच. त्याच बार्दोला वांशिक द्वेष पसरवणाऱ्या वक्तव्यांबद्दल फ्रेंच न्यायालयांनी एकदा नव्हे, अनेकदा दंड केला. प्राण्यावरची माया माणसावरच्या मायेची हमी देत नाही. हे कटू आहे, पण आहे.

आपल्याकडे अशी टक्कर बैलावरून झाली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतला जल्लीकट्टू हा बैल काबूत आणायचा खेळ आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर या बंदीविरुद्ध तरुणांचा जो पूर लोटला तो जगाने पाहिला. ए. आर. रहमानने त्यांच्या पाठिंब्यासाठी एक दिवसाचा उपवास केला. आणि त्रिशा नावाच्या तमिळ अभिनेत्रीला लोकांनी सळो की पळो केलं, का, तर तिने काही वर्षांपूर्वी पेटासाठी कुत्रे दत्तक घेण्याची जाहिरात केली होती. बैलांबद्दल ती त्यात एक अक्षर बोलली नव्हती. तिचं चित्रीकरण बंद पाडलं, तिच्या निधनाचे खोटे फलक फिरवले.

मराठी मुलखात याच वादात प्रसिद्ध चेहरा दुसऱ्या बाजूला होता. छत्रपती संभाजी महाराजांच्या भूमिकेने घराघरांत पोहोचलेले शिरूरचे खासदार अमोल कोल्हे बैलगाडा शर्यतींसाठी संसदेत बोलले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यावर खेड तालुक्यातल्या निमगाव दावडीच्या घाटात त्यांनी बारीपुढे, म्हणजे धावत्या बैलगाड्यापुढे, स्वार होऊन घोडी धरण्याचा आपला शब्द पाळला. घाटाच्या दुतर्फा उसळलेल्या गर्दीसाठी ती घोडी कुठल्याही पोस्टरपेक्षा भारी होती. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या खेळांना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले. मला इथे शर्यत बरी की वाईट हे ठरवायचं नाही. बैलाला चाबूक, काठी, विजेचा झटका द्यायला नियमांत मनाई आहे आणि ती घाटात पाळली जाते का हे जाऊन बघण्यासारखं आहे. सांगायचंय ते एवढंच की प्रसिद्धीला स्वतःची बाजू नसते. ज्याच्याकडे लोकांच्या भावनेचा धागा असेल त्याच्याकडे ती जास्त जोराने काम करते. एका हत्तीला सोडा म्हणणं वेगळं आणि एका मुलखाच्या सणालाच हात घालणं वेगळं. पहिल्यात विरोधक एखाददुसरा असतो, दुसऱ्यात अख्खी जत्रा अंगावर येते.

यवतमाळच्या अवनी वाघिणीचं २०१८ मध्ये असंच झालं. शहरांतून, चित्रपटसृष्टीतून तिला वाचवा म्हणून मोहीम चालली. पांढरकवड्याच्या बाजूला तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, आणि कापूस वेचायला रानात जायचं कसं हा तिथला रोजचा प्रश्न होता. दोन नोव्हेंबरला रात्री ती मारली गेली तेव्हा ट्विटरवर शोक आणि गावांत फटाके होते. तिला ज्या रीतीने मारलं त्यावर गंभीर आक्षेप घेता येतात, घेतलेही गेले. पण मुंबईतून बोलणाऱ्या एकाही प्रसिद्ध तोंडून त्या तेरा जणांपैकी एकाचं नाव ऐकल्याचं मला आठवत नाही.

आणि मग २०२५ चं नांदणी. पुन्हा कोल्हापूर जिल्हा, पुन्हा हत्ती, पुन्हा पेटाची तक्रार. शिरोळ तालुक्यातल्या जैन मठात महादेवी हत्तीण तीन दशकांहून जास्त काळ होती, गावकरी तिला माधुरीही म्हणत. तिचे पाय, नखं, सांधे यांवरून उच्चाधिकार समितीने तिला हलवायची शिफारस केली, जुलैमध्ये उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. गावाने रडत निरोप दिला आणि हत्तीण जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात गेली. या वेळी पोस्टरवरच्या नट्यांची गरज नव्हती, कारण समोरचं नावच अंबानींचं होतं. लोकांनी काय केलं? जिओची सिमकार्डं दुसऱ्या कंपनीकडे वळवायला सुरुवात केली. नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक मोर्चा निघाला. शेवटी वनताराने नांदणीच्या परिसरातच हत्तिणीसाठी केंद्र उभारायची तयारी दाखवली. न्यायालयावर आणि समितीवर राग काढणार कसा? मोठं नाव पुढे आलं की रागालाही पत्ता मिळतो. सुंदरच्या वेळी प्रसिद्धीने फाइल हलवली, नांदणीत त्याच प्रसिद्धीचा दाब उलटा फिरला.

न्यायालयांवर या चेहऱ्यांचा परिणाम होतो का, हेही लोक विचारतात. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. जॉन अब्राहमने सरन्यायाधीशांना पत्र लिहून फेरविचाराची विनंती केली. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आदेश बदलला की नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडावेत, पिसाळलेले आणि चावरे सोडून. पत्रामुळे निकाल फिरला असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. बदललेला आदेश प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांशी जुळणारा होता आणि वकिलांनी न्यायालयात तेच मांडलं होतं.

स्वतःच्या प्रसिद्धीचा सर्वात पक्का उपयोग केलेली व्यक्ती मात्र सोशल मीडियाच्या कितीतरी आधीची. भरतनाट्यमच्या नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या. कलेसाठी मिळालेल्या त्या खुर्चीत बसून त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणलं. नेहरूंनी त्यांना ते मागे घ्यायला सांगितलं आणि सरकार स्वतः कायदा आणेल असा शब्द दिला. त्यातून समिती, मसुदा असं करत १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ स्थापन झालं, त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. आज सर्कशीत वाघ-अस्वलं दिसत नाहीत, चित्रपटात घोडा-बैल दाखवायला परवानगी लागते, त्याचं मूळ या कायद्यात आहे. सुंदरचा खटलाही याच पायावर उभा राहिला.

त्या कायद्याच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांत पुन्हा केला तर पंचवीस ते शंभर, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० मध्ये पन्नास रुपये ही रक्कम होती, आज वडापाव-चहात संपते. हे बदला म्हणून कलाकारही बोलले आहेत. जुलै २०१९ मध्ये मुंबईत वरळीला पावसापासून आडोसा शोधणाऱ्या लकी नावाच्या कुत्र्याला झालेली मारहाण त्याच्या जिवावर बेतली, तेव्हा अनुष्का शर्माने हा कायदाच बदलावा म्हणून मोहीम सुरू केली होती. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला, त्यात क्रूर छळाला आणि जिवे मारण्याला कैदेची शिक्षा सुचवली होती. इथे ना एक नाव असलेला प्राणी आहे, ना एका मंत्र्याची अडलेली सही. संसदेच्या दोन सभागृहांतून जाणारं ते काम आहे, आणि तिथे फोटोचा दाब पोहोचता पोहोचता विरतो. म्हणून जाणते कार्यकर्ते तक्रार लिहायला पोलीस ठाण्यात जातात तेव्हा नुसत्या कलम ११ वर थांबत नाहीत. जनावर मारलं किंवा अपंग केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायला सांगतात, कारण त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाणे अंमलदार आधी पुस्तक उघडून बघतो, मग लिहून घेतो.